खान्देशचा हिवाळा आणि हंगामी फुलांचा वाफा

खान्देश म्हटले की बाहेरगावच्या माणसाला आधी ऊन आठवते. मे महिन्यात जळगाव आणि भुसावळ ही नावे राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत ठरलेली असतात. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी इथे कोणाला त्याचे नवल वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्याच वर्तमानपत्रात, हवामानाच्या त्याच चौकटीत, धुळ्याचे नाव दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. धुळे कृषी महाविद्यालयातली किमान तापमानाची नोंद अनेक हिवाळ्यांत पाच-सहा अंशांपर्यंत उतरलेली आहे. म्हणजे जानेवारी ते मे या पाच महिन्यांत एकाच मातीने चाळीस अंशांची चढउतार सोसायची.

या थंडीचा केळीवर काय परिणाम झाला, हरभऱ्याला आणि गव्हाला ती कशी मानवली, दादर ज्वारीचे कसे झाले, यावर गावोगाव बोलले जाते, छापूनही येते. अंगणातल्या, शाळेपुढच्या, सरकारी कचेरीच्या फाटकाशी असलेल्या फुलांच्या वाफ्याचे काय झाले हे कोणी विचारत नाही. ऑक्टोबरात हौसेने लावलेली रोपे जानेवारीच्या एखाद्या सकाळी मान टाकून पडलेली दिसतात, ‘थंडीने गेली’ एवढे म्हटले जाते आणि वाफा उपटून रिकामा केला जातो. कोणत्या थंडीने गेली, कोणती गेली, शेजारचीच दुसरी का वाचली, हे प्रश्न तिथेच राहतात. त्या प्रश्नांची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आधी भूमिका सांगितलेली बरी. बी रुजल्यापासून नवे बी धरेपर्यंतचे सारे आयुष्य एका हंगामात संपवणारी जी फुलझाडे, ती हंगामी. त्यातली बहुतेक देखणी मंडळी खान्देशच्या उन्हाळ्यात एक आठवडाही तग धरणार नाहीत. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, डायअँथस, कॅलेंड्युला, लार्कस्पर यांना इथे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे शंभर दिवस मिळतात, आणि ते दिवस त्यांना थंडीच देते. तेव्हा थंडी ही इथल्या फुलबागेची शत्रू नव्हे. धोका आहे तो मोजक्या रात्रींचा. त्या रात्री ओळखता आल्या आणि कोणते रोप किती गारठा सोसते हे ठाऊक असले, तर बाकीचा हिवाळा हा फुलांचा सुकाळच आहे.

थंडी आणि गोठण या दोन गोष्टी इथे सुरुवातीलाच वेगळ्या केल्या पाहिजेत. युरोप-अमेरिकेतली बागकामाची पुस्तके ‘फ्रॉस्ट’बद्दल जे सांगतात ते शून्य अंशांच्या आसपासचे, पानावरचे दव गोठून पांढरे होण्याचे सांगतात. जळगाव किंवा धुळे शहरात असे दृश्य क्वचितच दिसते. ते दिसते सातपुड्यात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले डाब हे गाव आणि समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असलेले तोरणमाळ इथे कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सारा डोंगर धुळे जिल्ह्यातच मोडत होता. महाराष्ट्रात याच प्रकारची दुसरी प्रसिद्ध जागा म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा परिसर. तिथे हिमकण दिसले की पर्यटक आनंदतात आणि स्ट्रॉबेरीवाले शेतकरी धास्तावतात.

मैदानी खान्देशातला वाफा सहसा गोठून मरत नाही, तो गारठून मरतो. हा फरक पुस्तकी वाटेल, पण उपाय ठरतात ते यावरूनच.

भारतीय हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक घसरले की थंडीची लाट म्हणतात. प्रत्यक्ष तापमान ४ अंशांवर आले तर सरासरीकडे न पाहताच लाट जाहीर होते, आणि २ अंशांवर आले तर तीव्र लाट. २०१८ च्या डिसेंबरअखेर अशीच लाट राज्याने अनुभवली. नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा २ अंशांखाली गेला, द्राक्षबागायतदारांनी रात्रभर शेकोट्या पेटवल्या, आणि नागपुरात २९ डिसेंबरला ३.५ अंशांची नोंद झाली. असे हिवाळे दरवर्षी येत नाहीत. पण फुलांच्या वाफ्याला लाटेची वाट पाहावी लागत नाही. त्याचे नुकसान त्याआधीच सुरू झालेले असते. त्याचे कारण तापमान कुठे मोजले जाते यात आहे.

हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो. त्याच्यावर आकाश उघडे नसते. पॅन्सीचे किंवा पिटुनियाचे रोप वीतभर उंचीचे आणि थेट आकाशाखाली. निरभ्र, वारा पडलेल्या, कोरड्या रात्री जमीन दिवसभराची उष्णता आकाशाकडे फेकत राहते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा आधी गार होते. पानाचा पृष्ठभाग तर त्याहून गार. त्यामुळे पेटीतला पारा ५ अंश दाखवत असतो तेव्हा वाफ्यातल्या पानाशी तो दोन ते चार अंशांनी खाली असू शकतो. वर्तमानपत्रातला ५ चा आकडा वाचून ‘अजून शून्याला वेळ आहे’ असे मानणारा बागवान इथे फसतो. ढगाळ रात्री मात्र हेच गणित उलटते. ढग गोधडीसारखे वरून पांघरलेले असतात, जमिनीची ऊब खालीच राहते, आणि त्या रात्री वाफ्याची काळजी करण्याचे कारण नसते.

संध्याकाळी आकाशाकडे पाहून बरेच काही कळते. उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकून गेला की त्यामागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे मध्य प्रदेशातून खान्देशात उतरतात. पहिले दोन दिवस वारा असतो. अंगाला बोचतो, पण तो हवा घुसळत ठेवतो, म्हणून जमिनीलगत थंडी साचत नाही. वारा पडतो, आकाश काचेसारखे स्वच्छ होते आणि हवेत दमटपणा उरत नाही, ती तिसरी-चौथी रात्र खरी धोक्याची. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री येत नाही. ते सूर्योदयाच्या सुमारास, बहुधा तो होऊन गेल्यावर काही मिनिटांनी येते. पहाटे चारला उठून ‘ठीक आहे’ म्हणून परत झोपणाऱ्याला हे ठाऊक असलेले बरे.

गार हवा जड असते आणि उताराने वाहते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापीचे सपाट खोरे, अशी खान्देशची घडण आहे. डोंगरउतारावरची थंडी रात्री खाली सरकते आणि सखल जागी साचते. धुळ्यात पांझरेच्या काठचा मळा आणि लळिंगच्या बाजूची चढणीवरची वस्ती यांची पहाट एकसारखी नसते. एवढे लांब जायलाही नको. एकाच घराच्या आवारात, कुंपणभिंतीने अडवलेल्या खोलगट कोपऱ्यातला वाफा जोत्यालगतच्या वाफ्याच्या आधी करपतो. भिंतीने अडवलेली गार हवा तिथे पाण्यासारखी तुंबलेली असते. कुंपणाच्या खालच्या अंगाला वीतभर मोकळी फट ठेवली की ती वाट काढून जाते.

रोपाच्या आत काय घडते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे उपाय नुसते सोपस्कार ठरतील. शून्याखाली गेल्यावर आधी पेशींच्या मधल्या जागेतले पाणी गोठते. हा बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो, पेशी सुकतात, त्यांचे पातळ पडदे फाटतात. ऊन पडल्यावर बर्फ वितळतो आणि पान शिजवल्यासारखे, पाणचट काळपट होऊन लोंबते. हे गोठणे. गारठण्याला मात्र बर्फ लागत नाही. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पेशींचे पडदे दहा-बारा अंशांखालीच ताठरतात, मुळे पाणी आणि स्फुरद उचलेनाशी होतात, पाने जांभळट पडतात, वाढ थांबते. त्यात खान्देशची एक खास अडचण मिसळते. पहाट आठ अंशांची असली तरी दुपार अठ्ठावीस-तीस अंशांची असते. दहाच्या सुमाराला ऊन चटकते, पाने पाणी मागू लागतात, आणि खाली माती अजून गारच असल्याने मुळे ते देऊ शकत नाहीत. ओल्या वाफ्यातले रोप माना टाकते ते यामुळे. पाणी कमी पडले असे समजून त्यावर आणखी पाणी ओतले की मूळकूज ठरलेली.

मग कोणते रोप किती सोसते? यादी पाठ करण्यापेक्षा फुलाचे मूळ गाव विचारावे; ते पुष्कळदा उत्तर देऊन टाकते.

तेरडा हा आपल्याच पावसाळी उष्ण प्रदेशातला. पाच अंशांच्या रात्रीत त्याचे रसाळ खोड काचेसारखे पारदर्शक होऊन बसते. कोंबडा आणि चिनीगुलाब हेही ऊबप्रिय. नोव्हेंबर सरताना त्यांनी निरोप घेतला तर हळहळ करू नये, त्यांचा हंगामच तो. झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस मेक्सिकोकडचे. ऊन त्यांना प्रिय. गारठ्यात ते खुरटतात, पण मरत नाहीत, शून्याला मात्र टिकत नाहीत. दसरा-दिवाळीचा झेंडू जानेवारीत लहान आणि फिका फुलतो तो याचमुळे. लालभडक साल्व्हिया ब्राझीलचा, तोही याच पंगतीतला. नॅस्टर्शियम अँडीजच्या प्रदेशातून आला असला तरी डोंगराचे नाव ऐकून फसू नये. त्याची देठे पाण्याने भरलेली असतात आणि हलक्याशा गोठणीतही तो सर्वांत आधी आडवा होतो.

मधल्या फळीत पिटुनिया आणि फ्लॉक्स. पिटुनियाचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतले. फ्लॉक्सचे बी टेक्सासातून १८३५ मध्ये थॉमस ड्रमंड या संग्राहकाने इंग्लंडला पाठवले, आणि त्याच वर्षी तो क्यूबात वारला. फुलाच्या शास्त्रीय नावात ‘ड्रमंडाय’ राहिले ते त्याचे. ही दोन्ही फुले धुळ्याच्या पाच-सहा अंशांना सहज पुरून उरतात आणि नीट वाढवलेली असली तर एखादी निसटती गोठणही झेलतात.

भूमध्य समुद्राकाठची मंडळी खऱ्या अर्थाने हिवाळ्याची. कॅलेंड्युला, अँटिऱ्हिनम, स्टॉक, अ‍ॅलिसम यांचा मूळ हंगामच सौम्य, ओल्या हिवाळ्याचा. स्वीट पी सिसिलीचा. फ्रान्सेस्को कुपानी या धर्मोपदेशकाने १६९९ मध्ये त्याचे बी इंग्लंडला धाडले आणि तिथून तो जगभर गेला. कॉर्नफ्लॉवर युरोपातल्या गव्हाच्या शेतातले तण, म्हणून गव्हाला मानवणारी थंडी त्यालाही मानवते. पॅन्सी तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये रानटी व्हायोलांच्या संकरातून घडली. शून्याखालचे काही अंश ती मान खाली घालून सोसते आणि ऊन वर आले की पुन्हा उभी राहते. खान्देशात पॅन्सी गेली तर ती थंडीने गेली असे म्हणणे जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. ती जाते फेब्रुवारीच्या उन्हाने, साचलेल्या पाण्याने किंवा मावा पडल्याने.

बियांच्या पाकिटांवर ‘हार्डी’, ‘हाफ-हार्डी’ आणि ‘टेंडर’ असे शब्द छापलेले असतात. ही विभागणी इंग्लंडच्या हवेसाठी केलेली आहे. पहिला प्रकार उघड्यावर पेरावा, दुसरा काचघरात रोपे करून बर्फ संपल्यावर लावावा, तिसरा ऊब असल्याशिवाय बाहेर काढूच नये, असा तिचा अर्थ. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० पासून काढलेले थंडीच्या पट्ट्यांचे नकाशे आणखी वेगळे. ते वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीच्या सरासरीवर बेतलेले आणि मुख्यतः बहुवर्षीय झाडांसाठी आहेत. एका हंगामात संपणाऱ्या फुलाला त्यांचा उपयोग फारसा नाही. खान्देशच्या बागवानाने पाकिटावरचा शब्द वाचावा तो असा: ‘हार्डी’ लिहिले असेल तर थंडीची चिंता सोडून उन्हाची करावी, ‘हाफ-हार्डी’ला चार-सहा रात्री जपावे, आणि ‘टेंडर’ पावसाळ्यात किंवा फेब्रुवारीनंतर लावावे.

भारताच्या हवेसाठी असे तर्जुमे करण्याचे काम दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाले होते. पुण्याजवळ गणेशखिंडीत १८७३ मध्ये वनस्पती उद्यान उभे राहिले आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर लिहिलेले पुस्तक पुढे अनेक आवृत्त्यांत निघाले. पुण्यात त्या परंपरेचा धागा आजही आहे. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या अखेरीस भरणारे पुष्पप्रदर्शन हंगामी फुलांच्या ऐन बहरावर बेतलेले असते. पण पुण्याची जानेवारी आणि धुळ्याची जानेवारी एक नव्हे, आणि ऑक्टोबर तर मुळीच नव्हे. पुण्यासाठी लिहिलेले वेळापत्रक जसेच्या तसे इथे चालत नाही.

खरी कसोटी ऑक्टोबरात लागते, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. पाऊस गेला की खान्देशात पुन्हा ऊन तापते. दुपार पस्तीस अंशांच्या घरात जाते. पॅन्सीच्या बियाला रुजायला वीस अंशांच्या आसपासची गार माती हवी असते, तापलेल्या मातीत ते झोपून राहते. लार्कस्परचेही तसेच. म्हणून हौशी माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर सप्टेंबरात घाई करून बी वाया घालवतो, किंवा नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबतो, आणि मग दोन पानांवरची कोवळी रोपे डिसेंबरच्या गारठ्यात सापडतात. तेवढ्या वयाचे रोप थंडीने मरत नसले तरी जागच्या जागी गोठल्यासारखे बसते. फूल येईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि वरून ऊन पेटते. वाट मधली आहे. पॅन्सी आणि लार्कस्परचे बी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, उत्तरेच्या पडवीत किंवा निंबाच्या सावलीत, मातीच्या पसरट कुंडीत टाकावे. वर ओले गोणपाट अंथरून ते कोंब दिसताच काढावे. पिटुनिया, फ्लॉक्स आणि डायअँथस पंधरा दिवस आधीही चालतात. नोव्हेंबरच्या मध्याला रोपे वाफ्यात गेली की त्यांच्याकडे थंडीआधी महिनाभर असतो.

तो महिना सुखात घालवू देऊ नये. रोप काटक होते ते रोज थोडे थोडे गार होत गेल्याने. दहा-पंधरा दिवस रात्री दहा-बारा अंशांच्या राहिल्या की हिवाळी रोपाच्या पेशींत साखरा वाढतात, पडद्यांतली स्निग्ध द्रव्ये बदलतात, आणि पंधरवड्यापूर्वी ज्या थंडीने ते गेले असते तीच ते सोसते. शेडनेटखाली, भरपूर पाणी आणि युरिया देऊन लुसलुशीत वाढवलेले रोपवाटिकेतले रोप दिसायला टवटवीत असते; ते आणून त्याच संध्याकाळी उघड्या वाफ्यात लावले तर पहिली गार रात्र त्याला झेपत नाही. आणलेली रोपे आठवडाभर दिवसा उन्हात आणि रात्री वळचणीला ठेवावीत, पाणी जरा ओढून धरावे आणि डिसेंबर लागल्यावर नत्र थांबवावे. पालाश चालेल.

थंडीशी झुंजण्याचे ज्ञान खान्देशात नाही असे मुळीच नाही. ते केळीच्या मळ्यात आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बारा अंशांखाली केळीची वाढ मंदावते, पाने पिवळी पडतात, घड अडकतो. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत तर सलग तीन दिवस किमान तापमान आठ अंशांवर किंवा त्याखाली राहिले की केळीची भरपाई लागू होते. हा आठचा आकडा फुलवाल्यांनीही लक्षात ठेवावा; उष्ण प्रदेशातल्या रोपांसाठी धोक्याची खूण म्हणून तो उपयोगी पडतो. केळीवाले मळ्याच्या कडेला शेवरीची दाट ओळ लावतात ती वारा अडवायला. जानेवारीत टरबूज-खरबुजाची लागवड करणारे शेतकरी वेलांवर क्रॉप कव्हरचे पांढरे, हलके कापड कमानींवर ताणतात. त्या कापडाचा दोन मीटरचा तुकडा अंगणातल्या वाफ्यालाही तितकेच काम देतो आणि कृषी केंद्राच्या दुकानात मिळतो.

शेकोटीबद्दल मात्र जपून बोलले पाहिजे. मळ्यात पहाटे ओला पालापाचोळा जाळून धूर करण्याचा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. धुराचा पडदा ढगाचे काम करतो अशी समजूत त्यामागे आहे. जमिनीतून निघणारी उष्णता धुराच्या बारीक कणांना जुमानत नाही, ती त्यांच्यातून पार निघून जाते. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा आणि तिने हललेल्या हवेचा. म्हणून धुमसणाऱ्या एका मोठ्या ढिगापेक्षा कपाशीच्या पराट्यांच्या लहान लहान, स्वच्छ जळणाऱ्या शेकोट्या मळ्यात बऱ्या. अंगणातल्या वाफ्यासाठी तर आग नकोच. तिथे धुराने शेजाऱ्याचा खोकला वाढेल आणि पानांवर काजळी बसेल. त्या काड्या भरिताची वांगी भाजायला ठेवाव्यात.

वाफ्यासाठी सर्वांत भरवशाची गोष्ट पाणी आहे, आणि ते कधी व कुठे द्यायचे यावर सारे अवलंबून आहे. कोरडी, भेगाळलेली काळी माती म्हणजे हवेने भरलेली माती. ती दिवसा उष्णता साठवत नाही आणि रात्री देत नाही. ओली, दबलेली माती दिवसाचे ऊन खोलवर घेते आणि रात्रभर परत करते. म्हणून थंडीची रात्र येणार असे दिसले की सकाळी दहा-अकराच्या सुमाराला वाफा मुळाशी भरपूर भिजवावा, म्हणजे दुपारच्या उन्हाने ती ओल तापते. त्या दिवशी खुरपणी करू नये. भुसभुशीत केलेला थर उष्णता अडवतो. एरवी चांगले असलेले गव्हाच्या काडाचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादनही अशा रात्री उलटे काम करते. मातीची ऊब आच्छादनाखालीच राहते आणि वरचे रोप गारठते. ते संध्याकाळपुरते वाफ्याच्या कडेला ओढून ठेवावे.

दुसरे पाणी पहाटेचे. खान्देशात ज्याने हिवाळ्यात विहिरीवर अंघोळ केली आहे त्याला ठाऊक आहे की पहाटे त्या पाण्यातून वाफ निघते. बाहेर सहा अंश असताना जमिनीखालचे पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असते. ते सरीतून मंद सोडले तर वाफ्याला ऊब मिळते. पण झारीने किंवा फवाऱ्याने ते पानांवर शिंपडू नये. फळबागांत तुषार सिंचनाने गोठणीपासून बचाव करतात हे खरे. गोठताना एक ग्रॅम पाणी ८० कॅलरी उष्णता सोडते, त्यावर ती रीत उभी आहे. पण ते पाणी बर्फ वितळेपर्यंत अखंड चालावे लागते. खान्देशच्या कोरड्या हवेत एकदाच शिंपडलेले पाणी पानावरून उडून जाते, आणि उडताना दर ग्रॅमला जवळपास ६०० कॅलरी पानातूनच ओढून नेते. ऊब द्यायला गेलेला हात असा गारठा देऊन येतो. वर बुरशीला आमंत्रण, ते वेगळेच.

पांघरूण घालताना तीन गोष्टी पाहाव्यात. ते सूर्य मावळण्याआधी घालावे, माती तापलेली असताना. रात्री नऊला घातलेले पांघरूण थंडीच झाकून ठेवते. ते जमिनीपर्यंत टेकले पाहिजे, कारण त्याने राखायची आहे ती मातीतून वर येणारी ऊब. रोपाच्या शेंड्याला फडके गुंडाळून खालचा भाग उघडा ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि ते पानांना चिकटू नये. बांबूच्या कामट्यांच्या तीन-चार कमानी रोवून त्यांवर जुने लुगडे, धोतर, गोणपाट किंवा क्रॉप कव्हर टाकावे आणि कडांवर विटा ठेवाव्यात. प्लास्टिकचा कागद शक्यतो टाळावा. तो जिथे पानाला लागतो तिथे पान करपते, आणि सकाळी काढायचा राहिला तर खान्देशचे दहाचे ऊन त्याखाली रोपांना अक्षरशः उकडते. सकाळी आठ-साडेआठला पांघरूण निघालेच पाहिजे.

गच्चीवरच्या कुंड्यांचा प्रश्न निराळा. वाफ्यातल्या मुळांना जमिनीची सोबत असते, कुंडीतली मुळे चहूबाजूंनी हवेत असतात. गच्ची वरून पूर्ण उघडी, त्यामुळे तिथली रात्र अंगणापेक्षा गार. कुंड्या विखुरलेल्या असतील तर त्या दाटीने एकत्र कराव्यात, नाजूक मधे आणि काटक कडेला, आणि दक्षिण किंवा पश्चिम तोंडाच्या भिंतीलगत न्याव्यात. दुपारचे ऊन खाल्लेली भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊब देते. सज्जाखाली दोन हात जरी सरकवल्या तरी रात्रीचे आकाश त्यांच्यावरून अर्धे झाकले जाते. पूर्वेची जागा मात्र अशा दिवसांत टाळावी. गारठलेल्या पानावर पहिले ऊन थेट पडण्यापेक्षा ते तासभर सावकाश उबदार झालेले चांगले.

इतके करूनही एखादी रात्र बाजी मारते. त्या सकाळी कात्री हातात घेऊ नये. काळवंडलेले शेंडे खालच्या डोळ्यांना पुढच्या रात्री आडोसा देतात; पाच-सात दिवस गेले, लाट ओसरली की खोड नखाने खरवडून पाहावे. आत हिरवे असेल तिथवर छाटावे. पिटुनिया, डायअँथस आणि अँटिऱ्हिनम अशा छाटणीनंतर फुटव्यांनी भरून येतात. तेरडा, झिनिया आणि नॅस्टर्शियम गेले असतील तर ते गेले. त्यांची जागा लगेच कॅलेंड्युलाच्या तयार रोपांनी भरावी. त्यासाठी पाच-पंचवीस रोपे कुंडीत राखून ठेवणे ही कोणत्याही पांघरुणापेक्षा स्वस्त तरतूद आहे.

या विषयावर मराठीत, आणि त्यातही तापीच्या खोऱ्यासाठी, लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. साक्रीच्या डोंगराळ भागातले फुलांचे वेळापत्रक अमळनेरला लागू पडणार नाही. सातपुड्यातले पाल आणि जळगावातला मेहरुण तलावाचा काठ यांची पहाटही निरनिराळी असणार. हे फरक पुस्तकातून कळत नाहीत, नोंदींतून कळतात. म्हणून वाचकाला एकच विनंती आहे. साधा किमान-कमाल तापमापक येत्या नोव्हेंबरात वाफ्यात, रोपाच्या उंचीवर, उघड्या आकाशाखाली लावा. रोज सकाळी त्यावरचा आकडा आणि त्या दिवशीचा वर्तमानपत्रातला आकडा शेजारी शेजारी वहीत लिहा, कोणते रोप कोणत्या तारखेला करपले तेही लिहा. शाळेत बाग असेल तर हे काम मुलांकडे सोपवा. दोन हिवाळ्यांच्या अशा वह्या गावोगाव जमल्या, तर जळगाव-धुळ्याच्या फुलबागांचे स्वतःचे वेळापत्रक तयार करता येईल.